चार वर्ग, एक टीव्ही आणि नेट नाही, वर्गात नेमकं कसं वापरताय?

भातखाचर_शाळा:

नमस्कार सगळ्यांना. मी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जि.प. शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षकी, पट २७. ग्रामपंचायतीने यंदा वित्त आयोगाच्या निधीतून ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही दिलाय, भिंतीवर बसवूनही झाला, पोरं जाम खूश आहेत. सुरुवातीला गाणी, गोष्टी, पाढे सगळं लावून झालं आणि आता प्रश्न पडलाय की पुढे काय, कारण गाणं संपलं की पोरं म्हणतात बाई अजून एक लावा, आणि मी विचारलं कळलं का तर सगळी एका सुरात "होऽऽऽ". त्यातलं कोणाला खरंच कळलं आणि कोण नुसतं सुरात सूर मिसळतंय ते समजायला काही मार्ग नाही.

अडचणी सांगते म्हणजे उत्तर त्याला धरून देता येईल. नेट म्हणाल तर शाळेमागच्या ओट्यावर उभं राहिलं तर रेंजच्या एकदोन काड्या दिसतात, वर्गात शून्य. पावसात लाईट कधी जाईल नेम नाही. आमचे सर टपाल, मीटिंग, बीएलओचं (मतदारयादीचं) काम यात अडकले की चारही वर्ग माझ्याकडे, मग टीव्हीवर पहिलीचं लावलं की चौथीची पोरं पण तिकडेच बघत बसतात आणि चौथीचं लावलं की पहिलीची उठून दंगा सुरू. पालकांत निम्म्यांकडे साधा बटणाचा फोन, त्यात आता आवणी (भातलावणी) सुरू झाली की पोरं आईबापाबरोबर शेतात, रोज पाच-सहा गैरहजर ठरलेलेच.

कृपया प्रत्येक मुलाच्या हातात टॅब लागेल असं काही सुचवू नका. एक टीव्ही, एक माझा मोबाईल, एक जुना लॅपटॉप (चालतो, बॅटरी गेलेली आहे) एवढंच आहे. जे तुम्ही स्वतः वर्गात वापरताय आणि टिकलंय तेच सांगा प्लीज.

पेनड्राईव्ह_गुरुजी:

मॅडम, नेटचा विषय आधी सोडवू कारण तो सगळ्यात सोपा आहे. वर्गात नेट लागतच नाही असं धरून चालायचं. तालुक्याला किंवा घरी वायफाय असेल तिथे आठवड्याचं सगळं उतरवून घ्यायचं आणि शाळेत फक्त पेनड्राईव्ह न्यायचा. पेनड्राईव्ह ३२ जीबीचा पुरतो, तो फॅट थर्टीटू मध्ये फॉरमॅट करा, बऱ्याच टीव्हींना तोच फॉरमॅट बिनबोभाट चालतो, फक्त एक फाईल ४ जीबीच्या वर असून चालत नाही, आपल्याला तेवढी मोठी लागतही नाही. व्हिडिओ एमपीफोर ठेवा. फोल्डर वर्गवार करा आणि फाईलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे टाका, कारण टीव्ही नावाच्या क्रमाने यादी लावतो आणि वर्गासमोर रिमोट घेऊन शोधाशोध करण्यात जी दोन मिनिटं जातात तेवढ्यात वर्ग हातातून सुटतो.

शासनाच्या दीक्षा ॲपमध्ये पुस्तकाचा क्यूआर कोड स्कॅन करून आलेलं साहित्य डाउनलोड करून ठेवता येतं, पण ते ॲपमध्येच चालतं, पेनड्राईव्हवर नेता येत नाही. यूट्यूबवर ॲपमधल्या डाउनलोड बटणाने सेव्ह केलेलं पण तसंच, शिवाय त्याला मधेमधे परत नेट दाखवावं लागतं. त्यामुळे हे दोन्ही मोबाईलमधून टीव्हीवर टाकावं लागेल. त्यासाठी स्क्रीन कास्ट. बहुतेक जणांना वाटतं कास्टला इंटरनेट लागतं, तसं नाहीये, टीव्हीत मिराकास्ट किंवा स्क्रीन मिररिंग असेल तर फोन आणि टीव्ही एकमेकांना थेट जोडले जातात. नाही जमलं तर लॅपटॉपला एचडीएमआय केबल. मोबाईलला लावायची टाईप सी ते एचडीएमआय केबल मात्र घाईने घेऊ नका, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमधून त्या केबलने चित्र बाहेर पडतच नाही, दुकानात आपला फोन लावून बघूनच पैसे द्या.

आणि एक, स्टोरीवीव्हर या साईटवर (प्रथम बुक्सची आहे) मराठी गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत, पीडीएफ उतरवता येते, पातळी १ ते ४ अशी लावलेली आहेत. आता गंमत अशी की टीव्ही पीडीएफ उघडत नाही पण फोटो उघडतो, म्हणून लॅपटॉपवर पीडीएफची पानं जेपीजी करून घ्या आणि त्या गोष्टीचं एक फोल्डर करा. मग रिमोटचं उजवं बटण दाबलं की पान उलटतं. २७ पोरांना एकच मोठं पुस्तक वाचायला मिळतं, आवाज नाही, जाहिरात नाही, पानावर पाहिजे तेवढा वेळ थांबता येतं. मला विचाराल तर टीव्हीचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे, व्हिडिओपेक्षाही.

लाईटसाठी इन्व्हर्टर मागा पुढच्या वेळी ग्रामपंचायतीकडे. ४३ इंची टीव्ही साधारण १०० वॅटच्या आतबाहेर खातो, १५० एएच ची बॅटरी नीट भरलेली असेल तर शाळेचा दिवस आरामात निघतो. आणि वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग भिंतीतून काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तुमच्या भागात तर हे रोजचंच असेल.

अकोलेकर_ताई:

वरचं सगळं बरोबर आहे पण भातखाचर मॅडमचा खरा प्रश्न टीव्ही बंद झाल्यावर काय हा आहे, त्यावर लिहिते. मी पण घाटमाथ्यावरच्याच वाडीवर आहे, तुमच्या हरिश्चंद्रगडाच्या पलीकडची बाजू, त्यामुळे पोरं, पाऊस, आवणी सगळं सारखंच.

आमच्याकडे एक नियम आहे, व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या वर नाही आणि पहिल्यांदा आवाज बंद करूनच दाखवायचा. आवाज बंद केला की सांगायचं काम पोरांकडे येतं. गेल्या पावसाळ्यात सुगरणीच्या घरट्याचा छोटा व्हिडिओ लावला होता. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला ही घरटी लोंबतात, पोरांनी हजारदा पाहिलीत पण बांधताना जवळून कोणी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा नुसतं बघितलं. दुसऱ्यांदा मी दर काही सेकंदाला थांबवायला लागले आणि विचारायचं, आता काय केलं त्यानं? तिसरीतली एक पोरगी, जी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, "पात चिरली." मग दुसरा, "मंग फांदीला येढा दिला." मग तीच पोरगी म्हणाली, "न्हाई, आधी पायानं दाबून धरली." यावरून दोघांचं भांडण, मग सगळ्यांनी मागणी केली की परत मागे घ्या, परत मागे घेतलं, आणि खरंच, पायाखाली दाबून मग चोचीने गाठ घालत होता. बघितलंत ना, व्हिडिओ परत बघायचा हट्ट आता गाण्यासाठी नव्हता, स्वतःचं म्हणणं खरं करण्यासाठी होता.

पोरं जे बोलली ते मी त्यांच्याच बोलीत जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. "पायानं दाबून धरली. पात चिरली. फांदीला येढा दिला." सहा-सात वाक्यं झाली. तो झाला पहिली-दुसरीचा वाचनपाठ. स्वतः बोललेलं वाक्य असल्यामुळे पहिलीची पोरं पण बोट ठेवून ओळखतात, आधी अर्थ माहीत, मग अक्षर. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी पुस्तकी वाक्यं लिहिली, "वेढा दिला" वगैरे, चुकलं म्हणून खोडून नाही, शेजारी. तिसरी-चौथीने तेच क्रमाने वहीत लिहिलं आणि घरटं नर बांधतो, मादी नंतर येऊन बघते आणि पसंत पडलं तरच राहते हे मी सांगितल्यावर चौथीच्या पोरांनी जे प्रश्न विचारलेत ते अजून संपलेले नाहीत.

म्हणजे चार वर्गांना चार व्हिडिओ लागत नाहीत, एकच बघायचं आणि कामं वेगळी द्यायची. पहिलीला चित्र आणि एक शब्द, दुसरीला वाक्य, तिसरीला क्रम, चौथीला प्रश्न तयार करणं. चारही वर्ग तुमच्याकडे असताना वेगवेगळं दाखवायच्या नादाला लागूच नका, त्यात एक गट बघतो आणि तीन गट ताटकळतात.

भाषा-गणिताच्या मुख्य तासाला तर इयत्ता बाजूला ठेवून पातळीनेच बसवा. अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले, गोष्टवाले. प्रथम संस्थेवाल्यांची ही पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे, प्रशिक्षणात ऐकलेली आहे, पण दोन शिक्षकी शाळेत ती नुसती चांगली नाही तर गरजेची आहे असं माझं ठाम मत आहे. चौथीतला अक्षरवाला पोरगा पहिलीबरोबर बसायला लाजतो हे खरं, त्याला त्या गटाचा प्रमुख करा, कार्ड वाटायचं काम द्या, लाज निघून जाते.

गणित_लातूर:

कोणाला कळलं ते कसं कळणार, यावर माझ्याकडे एकदम ठोस उपाय आहे मॅडम, प्लिकर्स. पोरांकडे काहीच उपकरण लागत नाही. प्रत्येक पोराला एक छापील कार्ड द्यायचं, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती असते आणि चारही कडांना ए बी सी डी अशी बारीक अक्षरं. प्रश्न टीव्हीवर किंवा फळ्यावर. पोराला जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून समोर धरायचं. तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवायचा, प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा असल्यामुळे कोणी काय उत्तर दिलं ते एका क्षणात स्क्रीनवर. शेजाऱ्याचं बघून कॉपी करता येत नाही कारण प्रत्येकाची आकृती वेगळी आणि अक्षरं एवढी बारीक की लांबून दिसत नाहीत. कार्डं जाड कागदावर छापा पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकला की कॅमेऱ्याला वाचता येत नाही. आणि यादीत मुलांची पूर्ण नावं टाकायची गरज नाही, हजेरी क्रमांक टाका, बाहेरच्या कुठल्याही ॲपवर लेकरांची माहिती जेवढी कमी तेवढं बरं.

पण खरी मेख प्रश्नात आहे. पर्याय कसेही टाकले तर काही उपयोग नाही, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक विशिष्ट चूक पाहिजे. उदाहरण देतो. ४३ वजा २७. बरोबर उत्तर १६. मी बाकीचे तीन पर्याय ठेवतो २४, २६ आणि ७०. आता बघा, ज्यानं २४ दाखवलं त्यानं एककात ३ मधून ७ जात नाहीत म्हणून उलटं करून ७ मधून ३ वजा केले. ज्यानं २६ दाखवलं त्याला हातचा घेता येतो पण घेतल्यावर दशक एकाने कमी करायचा विसरला. ७० वाल्यानं सरळ बेरीज केली, म्हणजे त्याचं चिन्हाकडे लक्ष नाही. तीन पोरं तीन कारणांनी चुकली आणि तिघांचा इलाज वेगळा. २४ वाल्याला काड्यांचे गठ्ठे देऊन बसवायचं, चार दशकांचे गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या, आता सात काड्या दे म्हणायचं, त्याला गठ्ठा सोडावाच लागतो, तो गठ्ठ्याचा दोरा सोडताना हातचा म्हणजे काय ते त्याच्या हाताला कळतं. २६ वाल्याला एवढं सगळं लागत नाही, त्याला फक्त गठ्ठे परत मोजायला लावा. आणि ७० वाल्याला गणित तोंडी विचारा, बहुतेक वेळा येतंच त्याला.

नाहीतर आपण काय करतो, निम्म्यांचं चुकलं की सगळ्या वर्गाला परत पहिल्यापासून वजाबाकी. ज्यांना येतं ती कंटाळतात आणि ज्यांना येत नाही त्यांना त्यांची नेमकी अडचण कोणी सांगतच नाही.

भातखाचर_शाळा:

सर हे फारच उपयोगी आहे, वजाबाकीचं तर लगेच घेते. पण प्लिकर्सला नेट लागेल ना? वर्गात रेंज नाही.

गणित_लातूर:

हो, फोनला नेट लागतं. पण पद्धत महत्त्वाची, ॲप नाही. जाड कागदाची चार रंगांची कार्डं करा, लाल निळा हिरवा पिवळा, प्रत्येक पर्यायाला एक रंग. प्रश्न विचारल्यावर आधी मनात उत्तर, मग मी "एक दोन तीन" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम कार्ड छातीशी धरायचं, डोक्यावर नाही, छातीशी धरलं की मागच्याला दिसत नाही. तुम्ही समोर उभं राहून हातातल्या यादीवर फक्त चुकलेल्यांच्या पुढे रंगाचं अक्षर टाका. २७ पोरांना मिनिटभर पुरतं. दिवसाला तीन प्रश्न बास.

पहिलीची_मावशी:

पेनड्राईव्ह गुरुजींनी गोष्टींचं सांगितलं त्यात माझी भर. पहिलीसाठी बाहेरच्या गोष्टी घेतल्या की जोडाक्षरं येतात आणि पोरं अडतात. मी आजकाल चॅटजीपीटी नाहीतर जेमिनीला सांगते की आमची एवढी एवढी अक्षरं आणि काना, पहिली वेलांटी शिकवून झालीय, आठ ओळींची गोष्ट दे, गावाकडची, बैल, ओढा, पाऊस असलेली, जोडाक्षर नको. दर वेळी कुठेतरी जोडाक्षर घुसतंच, सांगूनही. ते डोळ्याने शोधण्यापेक्षा एक युक्ती आहे, मजकूर नोटपॅडमध्ये टाका आणि कंट्रोल एफ दाबून पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, शोधा. युनिकोडमध्ये प्रत्येक जोडाक्षराच्या पोटात हलन्त असतोच, रफार असो, "प्र" असो नाहीतर "ज्ञ" असो, सगळी एका फटक्यात सापडतात. मग तेवढे शब्द बदलायचे. गोष्ट स्वतः मोठ्याने वाचल्याशिवाय मात्र पोरांपुढे ठेवू नका, त्या गोष्टीत कधीकधी मराठी असं असतं की आपल्या घरात कोणी तसं बोलणार नाही.

दुसरं म्हणजे फॉन्ट. हे कोणी फारसं बोलत नाही पण पहिलीत फार महत्त्वाचं आहे. आपल्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो आणि कॉम्प्युटरवर मंगल वगैरे फॉन्टमध्ये छापलं की हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मोठ्या माणसाला फरक जाणवत नाही, पण जे लेकरू आत्ताच ल शिकलंय ते त्या कागदाकडे बघून "हे काय आहे बाई" असं विचारतं आणि बरोबरच आहे त्याचं. मी लिबरऑफिसमध्ये नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट घेते आणि मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी निवडते, की ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात. दोन्ही मोफत आहे. अक्षराचा आकार पहिलीसाठी ३६ च्या खाली नको, आणि दोन शब्दांत नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडा.

जुन्या प्रश्नपत्रिका, कविता वगैरे परत टाईप करायची असेल तर गूगल लेन्सने फोटो काढून मजकूर कॉपी करा, छापील देवनागरी चांगली वाचतं, नंतर फक्त ऱ्हस्व दीर्घ तपासून घ्यायचं.

वाडा_मोखाडा:

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका कोणी. टीव्हीवर जे दाखवायचं ते पोरांच्या हातात येणार नसेल तर दाखवू नये असं मला वाटतं. अरविंद गुप्ता सरांची खेळण्यांची साईट सगळ्यांना माहीत असेल, मराठीतली पुस्तकं पण मोफत आहेत त्यावर. व्हिडिओ दोन मिनिटांचे असतात आणि व्हिडिओ संपला की तीच वस्तू वर्गात बनवता येते, कचऱ्यातून.

माझ्या वर्गात सगळ्यात चाललेली वस्तू म्हणजे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या की झाला सांधा. (काड्यांचं गुल आधी खरवडून टाका आणि हे काम आपण करायचं, पोरांनी नाही.) तीन काड्या तीन सांधे, त्रिकोण. चार काड्यांचा चौकोन. आता पोरांना म्हणायचं दोन्ही बोटांनी दाबून बघा. चौकोन लगेच तिरका होतो, दबतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही. मग चौकोनात तिरपी एक काडी टाक म्हणायचं, ती मोठी लागते हे पोरांना स्वतःच कळतं, आणि टाकली की चौकोन पण घट्ट. इथे माझं शिकवणं संपलं. पोरंच बाहेर पळाली आणि शाळेच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैचीत त्रिकोण मोजत बसली, घराच्या छपराच्या वाशात, विजेच्या टॉवरात. हे साहित्य गुप्ता सरांनी १९७८ मध्ये होशंगाबादच्या खेड्यातल्या शाळांसाठी काम करताना काढलं, आज पण तेवढंच ताजं आहे आणि खर्च म्हणाल तर एका वर्गाचं काम दोन चहाच्या पैशात होतं.

चौथीच्या अपूर्णांकासाठी मात्र फेट ची सिम्युलेशन्स (स्क्रीनवर हलवून बघायचे प्रयोग) बघा मॅडम, कोलोराडो विद्यापीठाची आहेत, मराठीत भाषांतर झालेली बरीच आहेत आणि फाईल उतरवून ठेवली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतात. लॅपटॉप टीव्हीला लावा आणि माऊस पोराच्या हातात द्या, आपल्या हातात नको. एक पोर माऊस चालवणार आणि काय करायचं ते बाकीचे सांगणार, चालवणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, गटाने सांगितलं तेवढंच करायचं. त्यामुळे सगळ्यांना बोलावं लागतं.

माण_खटाव:

पालक आणि गैरहजर मुलं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे आवणी नाही पण ऊसतोडीला आईबाप जातात, पोरं कधी बरोबर जातात कधी आजीकडे राहतात, दुखणं तेच.

बटणाच्या फोनवर व्हॉट्सॲप नाही पण कॉल आहे. संध्याकाळी साडेसातनंतर माणसं घरी असतात, चार-पाच घरांना कॉन्फरन्स कॉल लावायचा, दहा मिनिटं. अभ्यास शिकवायचा नाही, एक काम द्यायचं जे घरात होईल. आजीला विचार तिच्या लहानपणी दुष्काळात काय खायचे, उद्या आल्यावर सांग. घरात किती भांडी आहेत, त्यातली तांब्या-पितळेची किती. आज किती वाफे झाले, एका वाफ्याला किती रोपं लागली, असं तुमच्या आवणीवर तर केवढं गणित आहे मॅडम! शेतात गेलेलं पोर परत आलं की त्याला "चार दिवस कुठे होतास" असं विचारण्याऐवजी त्यानं शेतात मोजलेलं फळ्यावर मांडायला लावा. ते पोर मान वर करून वर्गात येतं. गैरहजेरीने पोर मागे पडतं त्यापेक्षा परत आल्यावर आपण मागे पडलोय या भावनेने जास्त तुटतं हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

कोरोनात सोलापूरला नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते ते आठवतं का? विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांची वस्ती, घरोघर स्मार्टफोन नव्हते, तर शाळेने भिंतीच पुस्तक केल्या. पोरं एका घरावरून दुसऱ्या घरावर वाचत जायची. वाडीत तुम्हाला दोन-चार भिंती सहज मिळतील, पाणवठ्याजवळची एक आणि दुकानाजवळची एक. रंग नको, फळ्याचा काळा रंग मारून खडूने लिहा म्हणजे दर आठवड्याला बदलता येतं, आणि लिहायला चौथीची पोरं पाठवा.

क्यूआर कोडचं पण एक सांगतो. परितेवाडीच्या डिसले सरांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हापासून सगळ्यांना क्यूआर माहीत झाला, पण बऱ्याच जणांना वाटतं त्यात फक्त लिंकच टाकता येते. तसं नाही, क्यूआरमध्ये थेट मजकूर टाकता येतो आणि तो वाचायला नेट लागत नाही. शाळेच्या आवारातल्या झाडांवर आम्ही असे कोड लावलेत, स्कॅन केलं की पोरांनीच लिहिलेल्या झाडाबद्दलच्या दोन ओळी येतात. मजकूर थोडकाच ठेवा, देवनागरीला जागा जास्त लागते आणि कोड फार दाट झाला की स्वस्तातल्या कॅमेऱ्याला वाचता येत नाही. पालक सभेला आले की पोरंच त्यांचा हात धरून झाडापाशी नेतात.

भातखाचर_शाळा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या सरांनाही वाचून दाखवलं. सोमवारपासून असं ठरवलंय की परिपाठानंतर रोज एकच मोठं पुस्तक टीव्हीवर, पानं जेपीजी करून. भाषेला आणि गणिताला पातळीनुसार गट. रंगाची कार्डं चौथीच्या पोरी करतायत. आणि आवणीचं गणित तर ताईंच्या सुगरणीसारखंच करणार आहे, मी शेताच्या बांधावरून लावणीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेते, आवाज बंद करून दाखवते आणि पोरांना बोलतं करते. ज्यांच्या शेतातला व्हिडिओ आहे ती पोरं तर सगळ्यात जास्त बोलतील. घरच्यांना विचारूनच घेईन आणि तो वर्गातच राहील, ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकणार नाही.

दोन शंका राहिल्यात. एक, आमच्या टीव्हीसमोरच खिडकी आहे, सकाळी चमक येते, डाव्या बाजूच्या पोरांना काही दिसत नाही. दोन, काल एक व्हिडिओ पेनड्राईव्हवरून लावला तर चित्र आलं, आवाज नाही. तोच मोबाईलवर नीट वाजतो.

अकोलेकर_ताई:

बांधावरच्या व्हिडिओची कल्पना फार आवडली, मी पण करते. घेताना फोन आडवा धरा आणि चिखलातले हात जवळून घ्या, माणसांचे चेहरे नसले तरी चालतील. मूठ कशी धरतात, अंगठ्याने रोप कसं खोचतात, त्यावर पोरं भरभरून बोलतील.

खिडकीला जुनं सतरंजीचं कापड लावून बघा पण वर्गात अंधार करू नका, पोरांना वहीत लिहायचं असतं. त्यापेक्षा टीव्ही काटकोनातल्या भिंतीवर हलवता आला तर बघा, म्हणजे खिडकी टीव्हीच्या समोर न राहता बाजूला येते. हलवताना उंची पण कमी करून घ्या, बऱ्याच शाळांत टीव्ही साहेबांच्या नजरेला येईल एवढा वर लावतात, आपली पोरं खाली बसतात, मान वर करून दुखते. पहिली ओळ टीव्हीपासून सहा फूट तरी लांब ठेवा.

पेनड्राईव्ह_गुरुजी:

आवाजाचं सांगतो. व्हिडिओतला आवाज ज्या प्रकारात साठवलाय तो तुमच्या टीव्हीला वाचता येत नाहीये, व्हिडिओ खराब नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी टाका, त्यात मीडिया मेनूत कन्व्हर्ट म्हणून आहे, ती फाईल निवडा, प्रोफाईलमध्ये एच २६४ आणि एमपीथ्री असं लिहिलेलं एमपीफोर वालं निवडा आणि नवीन नावाने सेव्ह करा. छोट्या व्हिडिओला जास्त वेळ लागत नाही. लॅपटॉपची बॅटरी गेलीय म्हणालात, तर हे काम लाईट असताना प्लग लावूनच करा, मध्येच बंद पडला तर फाईल अर्धवट राहते. तरी आवाज नाही आला तर टीव्हीचं मॉडेल इथे टाका, बघतो.